माळकऱ्याची घार

— थांबा, भाऊ, एक मिनिट. बॅग ठेवा खाली. रूम काही पळून जात नाही. पाच नंबरची चावी ही पाहा माह्या हातातच हाये, देतोच तुमाले, फक्त त्या टीव्हीपुढून जरा इकडे सरका — हां, आता दिसते. काय दिसते म्हणता? खोपा हाये तो. नाही, टीव्ही नाही बिघडला. सकाळपासून तुमी सातवे गिऱ्हाईक, अन् सातही जणांनी हेच इचारलं, की लॉजच्या काउंटरवर काड्यांचा ढीग काऊन लावून ठेवला, शेगावात बसले तं भजन तरी लावा. लावतो ना. उद्यापासून भजनच लावाचं हाये. आज अडीच वाजता हा खोपा बंद होते — म्हणजे खोपा नाही, त्याच्यावरचा कॅमेरा बंद करतात ते लोक, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. आता वाजले दोन. तं तुमी बसा अर्धा घंटा. बसा त्या बाकड्यावर, पंख्याची हवा तिकडेच येते.

कोन लोक म्हणजे स्कॉटलंडचे लोक. तिकडे एका तळ्याच्या काठी उंच झाड हाये, त्याच्या शेंड्यावर ह्या घारीचा खोपा. ऑस्प्रे म्हणतात तिले. मासोळी खाते. दुसरं काहीच खात नाही, भाऊ, सकाळ-संध्याकाळ मासोळी. हाव, माह्या गळ्यातली माळ पाहून राह्यले ना तुमी? पाहा, पाहा. वडलांनी घातली, दहाव्या वर्षी. तवापासून मटन-मासोळी तं सोडाच, चातुर्मासात कांदा-लसूण घरात येत नाही. जिन्यापाशी पाटी वाचली असन तुमी, 'रूममध्ये मांसाहार सक्त मना' — ती माह्या हातची पाटी हाये, अक्षर पाहा कसं हाये. अन् तोच हा शालिग्राम एप्रिलपासून ह्या खुर्चीत बसून देवाले म्हणून राह्यला, बाप्पा, त्याले एक मासोळी सापडू दे, मोठी सापडू दे. हासा, हासा. माही बायकोही हासते.

लावलं तिनंच हे. जयमालानं. अन् तिले सांगतलं पोरीनं. पोरगी तिकडेच हाये ना माही, करिष्मा, म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात नर्स हाये, अन् तिथले म्हातारे दिवसभर हेच पाहत बसतात म्हणे. आमचं बोलनं नाही. म्हणजे माहं अन् पोरीचं. दोन वर्षं झाले. जयमाला बोलते तिच्याशी रोज, त्या पडद्यामागं, अन् मी इथं बसेल असतो, मले काही ऐकू येत नाही. तिनं हिरवा स्वेटर घेतला अन् तिची उजवीकडची दाढ दुखून राह्यली, एवढंच काल ऐकू आलं. त्याचं जाऊ द्या. मी घारीचं सांगून राह्यलो होतो.

तं पहिले नर आला. एकटा, आफ्रिकेतून. आल्या आल्या कामाले लागला, काड्या आणल्या, गवत आणलं, खोपा असा चकाचक केला जसा आमी यात्रेच्या आधी लॉज करतो. आठ दिवसांनी मादी आली. तिनं पहिलं काम काय केलं असन? त्यानं ठेवलेली एक एक काडी उचलली अन् दुसरीकडे ठेवली. सगळ्या. मी आतमध्ये आवाज देला, म्हणलं, जयमाला, ये वं, तुही बहीण आली. मंग तीन अंडे देले तिनं. सदतीस दिवस बसले त्याच्यावर, दोघंही बरं, ती मासोळी खायाले उठली की हा बसे, ढुंगन हालवू हालवू, नीट जमवून. मले हे माहीत नव्हतं, की नरही बसते. जयमाला माह्याकडे पाहून म्हणे, करिष्मा झाली तवा तुमी कुठी होते हो? म्हणलं, इथंच होतो, ऋषिपंचमीची गर्दी होती, सातही रूम भरेल होत्या. तं तिनं नुसता टीव्हीचा आवाज वाढवला. आता खोप्याले काय आवाज असते, भाऊ? वारा वाजे नुसता.

पिल्लं निंघाले तं बारसं केलं आमी. खरंच केलं, खोटं कायले सांगू? बाराव्या दिवशी टीव्हीपुढं पाळणा बांधला, पाळण्यात काय ठेवाचं म्हणून मोबाईल ठेवला, त्याच्यावर पिल्लांचा फोटो. गल्लीतल्या बाया आल्या, घुगऱ्या वाटल्या. ती समोरची गीताबाई, तिनं मोबाईलले कुंची घातली, म्हणे उघड्या डोक्याचं लेकरू पाळण्यात ठेवत नाहीत. मोठ्याचं नाव ठेवलं जानराव. जानराव माहा साळा हाये, ताटात काही पडलं की दुसऱ्याले हात लावू देत नाही — हे पिल्लूही तसंच. साळ्याले बोलावलं होतं बारशाले, तो जेवला, घुगऱ्या बांधून घेतल्या, अन् निंघताना त्याले समजलं नाव कोनाचं ठेवलं. तवापासून आला नाही. मधल्याचं माणिक. अन् तिसरं, लहानंसं, त्या जानरावच्या चोची खाऊ खाऊ कोपऱ्यात बसे, पण वरडाले सगळ्यात पुढं — तिचं ठेवलं चिंगी. काऊन म्हणजे? असंच. सुचलं. मादी हाये हे मंग कळलं, जुलैत त्या लोकांनी पायात नंबराचे कडे घातले तवा, पण मी आधीच वळखलं होतं. चिंगी अशीच वरडे लहानपणी, ह्याच काउंटरवर बसून, भूक लागली की सगळा लॉज जागा — नाही, ही चिंगी नाही. दुसरी. राहू द्या.

हे बाजूले अक्षरं सरकून राह्यले ना वर वर, ते पाहणारे लोक लिहितात. मीही लिहितो. माह्या मोबाईलवरून लिहिलं की तिथं नाव येते 'आसरा लॉज, शेगाव', कारण ते खातं लॉजच्या जाहिरातीसाठी काढेल होतं, अन् फोटोच्या जागी आपली पाटी. एक म्हातारी हाये तिकडची, रोज मले राम राम घालते. तिले वाटते आसरा हे माहं नाव अन् लॉज हे आडनाव. राहू देलं, म्हातारं माणूस हाये. तं पहिल्या दिवशी मी आपलं मराठीत लिहिलं, 'मासोळी आली का?' मले काय माहीत कोनी उत्तर देईन, तिथं मराठी कोनाले समजते? तं दोन मिनिटांत उत्तर. 'आली. सकाळी सहाले.' अन् नाव पाह्यतो तं करिष्मा. आता काय कराचं? उठून जाव तं गल्ल्यावर कोन बसन? मी लिहिलं, 'केवढी होती?' ती म्हणे, 'दीड वीत.' बस, एवढंच. तवापासून रोज. मी लॉज म्हणून इचारतो, ती पाहणारी म्हणून सांगते. अन् हे बोलनं नव्हे, भाऊ, जयमालाही म्हणते तुमी बोलता ना मंग, मी म्हणलं हे बोलनं नाही, ही मासोळीची चौकशी हाये.

भांडण? भांडण कायचं, काहीच नाही. तुमी इचारलं नाही, पण सांगतो. ती तिकडे गेली त्याले सहा महिने झाले असन, एक दिवस फोनवर म्हणे, बाबा, तुमच्यापाशी खोटं नाही बोलत, मी मासोळी खाल्ली. बाहीर बर्फ होता, कामावरून थकून आली, सोबतच्या पोरीनं ताट पुढं केलं, खाल्ली. आता मले सांगा, खाल्ली तं खाल्ली, सांगाची काय गरज होती? शेगावले वास येनार होता का? पण नाही, खरं बोलाचं असं मीच शिकवून ठेवेल. मी म्हणलं, ज्या तोंडानं मासोळी खाल्ली त्या तोंडानं मले बाबा म्हणू नको. अन् फोन ठेवला. मले वाटलं उद्या करीन ती फोन. तिले वाटलं बाबा करतीन. अन् 'बाबा' नाहीच म्हणली मंग ती. एवढ्या महिन्यांत इथं लिहिलं तिनं, मासोळी आली, मासोळी पडली, पाऊस हाये — पण 'बाबा' हा शब्द एकदा लिहिला नाही. हट्टी हाये. कोनावर गेली काय माहीत.

अन् जूनमध्ये नर हरवला. पिल्लं एवढे एवढे, तिकडे वादळ, झाड असं हालून राह्यलं, अन् हा सकाळी मासोळीले गेला तो आलाच नाही. दुसरा दिवस उजाडला तरी नाही. मादी पंख पसरून पिल्लांवर बसेल, जागची हालत नाही, अन् चिंगीची मान खाली. मी चहा नाही घेतला, भाऊ. दुपारी उठलो अन् मंदिरात गेलो, दीड घंटा लाईनीत उभा राह्यलो, समाधीपुढं आलो — आता माळकऱ्यानं महाराजांले मासोळी मागाची कशी? मागं लोक, पुढं लोक. हळूच म्हणलं, महाराज, तो माणूस मासोळी घेऊन घरी येऊ द्या, मी पोरीले फोन लावतो. बोलून गेलो. तोंडातून निंघून गेलं. अन् लॉजवर येऊन पाह्यतो तं नर बसेल खोप्यात, पायाखाली मासोळी, अजून फडफडून राह्यली.

झाली ना पंचाईत. मी म्हणलं, हा तोच नर हाये कशावरून? दुसराच कोनी घुसला असन तं नवस लागू होत नाही. पायातल्या कड्याचा नंबर पाहाले लागन. अन् नंबर इचाराचा कोनाले? करिष्मालेच. तिनं लगेच सांगतला. तोच होता. मंग म्हणलं, ठीक हाये, फोन लावतो बोललो, पण तारीख कुठी बोललो? जून गेला, जुलै गेला, आता सप्टेंबर लागला. तुमी असे पाहू नका माह्याकडे. जयमालाही असंच पाह्यते, अन् तिले तं नवसाचं मी सांगतलंही नाही. तुमालेच पहिल्यांदा सांगतलं. कोनाले बोलू नका.

मले वाटे, थंडी पडली की चिंगी आपल्याकडे येईन. अशा घारी येतात ना खडकपूर्णेच्या धरणावर, साखरखेर्ड्याकडच्या लोकांनी पाह्यल्या हायेत. मी गल्लीत सांगूनही ठेवलं, दिवाळीनंतर गाडी करू अन् चिंगीले पाहाले जाऊ, गीताबाई डबा आणणार होती. तं करिष्मानं लिहिलं, त्या दुसऱ्या घरच्या, आपल्या आफ्रिकेले जातात. 'आपल्या' लिहिलं तिनं. मी दोनदा वाचलं.

ऑगस्टमध्ये मादी निंघून गेली. पोरं अजून मागून खात होते, तरी गेली, माय पहिले जाते त्यांच्यात. अन् बाप राहते. शेवटचं लेकरू जाईपर्यंत बाप तिथंच, आणून आणून देते. मले वाटे उलटं असन. जानराव गेला, माणिक गेला, चिंगी एकटी खोप्यात बसून वरडे अन् हा आणून दे. तिले स्वतःले धरता येत होती, मी पाह्यलं हाये, तरी हा आणे. परवा चिंगी गेली. काल ह्यानं मासोळी आणली, खोप्यात ठेवली, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, अर्धा घंटा बसून राह्यला. कोनी आलं नाही. स्वतःही नाही खाल्ली, तशीच सोडून उडून गेला. लय वाईट वाटलं मले. चांगली दोन वीत मासोळी होती, भाऊ.

किती झाले? दोन पंचवीस. पाहा, आता सगळे लिहून राह्यले, ती म्हातारीही — टाटा करून राह्यली आसराले. अन् करिष्मा? करिष्माचं काही हाये का? माहा चष्मा आत राह्यला वाटते, तुमी पाहा बरं, डोळे चांगले हायेत तुमचे. खालून वर पाहा. हाये? मराठीत हाये? वाचा ना मंग.

काय?

पहिला शब्द काय हाये? 'बाबा' हाये का? बरोबर वाचलं ना? पुन्हा वाचा एकदा. हळू वाचा.

'बाबा, खोपा बंद होऊन राह्यला. आता कुठी बोलाचं?'

बोलाचं म्हणे. म्हणजे ती याले बोलनंच समजत होती. एप्रिलपासून.

थांबा, थांबा, तो काळा होऊन राह्यला पडदा — झाला. गेला. एकदमच गेला हो. मले वाटलं थोडा थोडा करून जाईन.

भाऊ, तो मोबाईल द्या इकडे. नंबर? नाही, वहीत नाही पाहाले लागत, पाठ हाये. रिंग जाऊन राह्यली. ही घ्या तुमची चावी, पाच नंबर, वर जाऊन डाव्या हाताले, नळ जरा जोरात फिरवा. काऊन उभे हाये तुमी? जा ना —

हॅलो. हाव. मीच हाये. नाही, तब्येत चांगली हाये. माय पण चांगली हाये, आत हाये. असंच लावला. दाढ कशी हाये आता? कोनं सांगतलं म्हणजे, कोनी नाही सांगतलं. सकाळपासून काही खाल्लं का? काय खाल्लं? नाही, सांग, सांग तू, मी ऐकून राह्यलो.

हं.

केवढी होती?