बिल्ल्यासकट

जनावरांच्या दवाखान्यातल्या रांगेत कोंबडीवाली कान टवकारून उभी होती. पुढचा गवळी खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होता.

"साहेब, माझी गाय गेली. तिची नोंद काढून टाका."

"कानातला बिल्ला आणलात?"

"बिल्ल्यासकटच पुरली. बायकोने कान कापू दिला नाही."

"कधी गेली?"

"सोमवारी."

"मग काल लस कुणाला टोचली? हाच नंबर, तुमचाच गोठा."

"काल आम्ही लग्नाला गेलो होतो, साहेब. गोठ्यात काळं कुत्रंही नव्हतं."

"डॉक्टर काय खोटं लिहितील? हा बघा शेरा. 'गाय शांत. अंगभर ओली माती.'"

कोंबडीवाली दोन पावलं मागे सरकली.

"अहो, बोला की! नोंद काढू ना?"

"नको, राहू द्या... सकाळी बायको धारेची बादली घेऊन रिकाम्या गोठ्याकडे निघाली, तर मी तिला वेड्यात काढलं."