रुपराव भाऊचे पाच मिनिटं

...अहो तीन तास! एका पुलाले तीन तास भाषण राहते का कुठं? तुम्हीच सांगा! पूल केवढा, तर दोन बैलबंड्या आमनेसामने आल्या तर एकीले मागं सरकावं लागते एवढा, अन् मंडप पाहा, हार पाहा, भोंगे पाहा! काटोलच्या अलीकडे जांभूळखेडीचा फाटा आहे, तिथल्या नाल्यावर मागच्या सोमवारी त्या पुलाचं उद्घाटन झालं. जो उठे तो माईक धरे, "माझ्या अथक प्रयत्नांनी..." तो बसला की दुसरा, "माझ्या पाठपुराव्यानं..." कोणाचा पाठपुरावा गा? जो माणूस बारा वर्षं हा पूल डोक्यात घेऊन फिरला, तो तिसऱ्या रांगेत, खांबामागं बसलेला! रुपराव गोतमारे, माजी आमदार! त्याहिले पाच मिनिटं द्यावं असं कोणाले वाटलं नाही... म्हणजे वाटलं, शेवटी वाटलं, पण ते मंग सांगतो. आधी या पाच मिनिटांचा सगळा घोळ ऐका, कारण त्याच्यात माझाबी हात आहे, अन् आठ वर्षं झाले, मले धड जेवण जात नाही.

मी श्रीधर. अकरा महिने धरमपेठेत सायकलीचे पंक्चर काढतो. अन् डिसेंबर आला, मुंबईचं सरकार फायली, मंत्री, सगळं घेऊन नागपुरात उतरलं, की हिवाळी अधिवेशनापुरता विधानभवनात रोजंदारीचा शिपाई. पांढरा ड्रेस, छातीवर बिल्ला... बायको म्हणे, अधिवेशनातच तुम्ही माणसासारखे दिसता! आता काम काय, तर चिठ्ठ्या नेणं. गेटावर कोणी आलं अन् त्याले आमदाराले भेटायचं असंन, तर त्यानं चिठ्ठी लिहायची, अन् ती सभागृहात नेऊन आमदाराच्या हातात देणारा मी. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामानं एका माणसाची आमदारकी खाल्ली हो!

रुपराव भाऊ सदुसष्टले निवडून आले. जांभूळखेडीचेच. मतं मागतानी त्याहिनं एकच सांगितलं होतं, "नाल्यावर पूल मागीन. सभागृहात उभा राहून मागीन." तुम्हाले सांगतो, त्या नाल्यावर नुसता रपटा होता, दगडाचा, बुटका. पाणी वाढलं की संत्र्याच्या बंड्या अलीकडे उभ्या, व्यापारी पलीकडे उभे, अन् मधात संत्रं सडून राहिलं. बाळंतीण अडली तर बाजेवर टाकून चौघांनी खांद्यावर न्या! मुंबईच्या अधिवेशनात भाऊ तोंड उघडत नसत. म्हणत, "तिथं आपला नाला कोणाले समजते गा, श्रीधर? बोलीन तर नागपुरात बोलीन. आपले लोकं वर गॅलरीत बसलेले पाहिजे." भाषण तयार होतं, पाच मिनिटांचं, मलेबी पाठ होतं: "अध्यक्ष महाराज, पाण्यात उभी राहिलेली बंडी तुम्ही कधी पाहिली का?" काय सुरुवात होती! चहा पितानी म्हणत, दाढी करतानी म्हणत, आमच्या दुकानात ट्यूब बादलीत बुडवली की बुडबुड्याकडे पाहत म्हणत!

अन् पहिल्याच वर्षी काय झालं? भाऊचा नंबर आला, पुढचे तेच, अन् मी पोचलो चिठ्ठी घेऊन. "भाऊ, बाहेर या. हुरडा आणला. कवळा आहे." भाऊनं माझ्याकडे पाह्यलं, चिठ्ठीकडे पाह्यलं, समोर पाह्यलं. म्हणाले, "पाच कोस चालत आला असंन गा तो... आलोच!" अन् उठले! इकडे अध्यक्षांनी नाव पुकारलं, "सन्माननीय सदस्य श्री. रुपराव गोतमारे... गैरहजर. पुढचे." अन् गोतमारे कुठं? गेटावर, हुरडा खाऊन राहिले!

मंग काय, रीतच पडली. कधी कोणाचं मेडिकलच्या दवाखान्यात पोट्टं भरती, आलोच! कधी कोणाले गॅलरीचा पास पाहिजे, अन् पासावर सही आमदाराची लागते, आलोच! एकदा तर चिठ्ठी काय, "भाऊ, काम काही नाही. बम दिवस झाले, भेटलो नाही." आता हे काय कारण झालं? मी म्हटलं, "भाऊ, बसा, मी सांगतो त्याले." तर म्हणे, "नाही गा, काम नसतानी कोण येते आपल्याकडे? आलोच!" बहात्तरले पुन्हा निवडून आले, अठ्ठ्याहत्तरले आले, लोकं मतं द्यायचेच, कारण हाक मारली की येणारा आमदार हा एकच! पण पूल? पूल कोण मागंन? नाव पुकारलं की खुर्ची रिकामी.

एकोणऐंशीचा डिसेंबर. सरकार डगमगून राहिलं होतं, पुढचा हिवाळा आपला नाही हे भाऊले कळलं होतं. सकाळी प्रयागबाईनं, म्हणजे त्याहिच्या मंडळीनं, आमदार निवासात सगळ्यांसमोर शपथ घातली. "आज कोणीबी येवो. ब्रह्मदेव आला तरी उठायचं नाही. माझी आण आहे." भाऊ म्हणाले, "नाही उठत वं." मलेबी दम दिला, "श्रीधरभाऊ, आज तुमच्या पायानं घात झाला तर पाहा!"

दुपारी साडेतीनले भाऊचा नंबर, अन् सव्वातीनले गेटावरून चिठ्ठी. घडी घातलेली, वर नाव, रुपराव गोतमारे. अरे बाप्पा! दुसऱ्याची चिठ्ठी उघडून वाचायची नाही, हा नियम. पोचवलीच पाहिजे, हाबी नियम. आम्हा शिपायांचे जमादार महादेवराव असे कडक की चिठ्ठी दाबली म्हटलं की बिल्ला काढून घेत, त्याच दिवशी घरी. पण म्हटलं, श्रीधर, बारा वर्षं तू या माणसाचे पाच मिनिटं खाल्ले. आज बिल्ला गेला तर जाऊ दे. अन् घातली खिशात! जिंदगीत पहिल्यांदा!

अन् दारातून पाहून राहिलो. पुकारा झाला, "श्री. रुपराव गोतमारे." भाऊ उभे राह्यले! माझ्या डोळ्यात पाणी! धोतर सावरलं, खाकरले, "अध्यक्ष महाराज..." अन् सवयीनं वर गॅलरीकडे पाह्यलं. गॅलरीत आपलं कोणीच नाही. प्रयागबाई नाही, गाव नाही. भाऊ इकडे पाहे, तिकडे पाहे. अध्यक्ष म्हणे, "बोला, बोला." अन् भाऊ काय बोलले? "अध्यक्ष महाराज... आलोच!"

गेले ना हो! तुम्हाले खोटं वाटंन, पण कामकाजाच्या पुस्तकात छापून आहे ते. बारा वर्षांत रुपराव गोतमारे यांचं एकच वाक्य, अन् त्याच्यापुढं कंसात, हशा.

मी मागं धावलो. गेटावर अख्खी जांभूळखेडी, काटोलच्या एसटीनं आलेली, मधात प्रयागबाई. भाऊ म्हणून राहिले, "चला, पास देतो, चला लवकर!" अन् बाई जागच्या जागी. "तुम्ही बाहेर काहून आले? चिठ्ठी भेटली नाही का?"

"कोणती चिठ्ठी वं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. महादेवराव तिथंच उभे. मी खिशातून काढली, भाऊनं उघडली. मीबी वाकून वाचलं. प्रयागबाईचं अक्षर: "आम्ही सगळे आलो. पास नाही भेटला तर नाही. भोंग्यावर बाहेर ऐकू येते म्हणते. तुम्ही उठू नोका. बोला."

बारा वर्षांत शेकड्यानं चिठ्ठ्या नेल्या मी, एकूणएक नेल्या... अन् न्यायची होती ती एकच, ती दाबली! धरती फाटावी असं झालं. महादेवरावांचा हात माझ्या बिल्ल्याकडे आला, तेवढ्यात भाऊनं चिठ्ठीची घडी घातली अन् म्हणाले, "भेटली होती ना! वाचूनच याच्याकडे परत ठेवायले दिली. पण तू गेटावर उन्हात उभी, अन् मी आत बोलू? म्हटलं, आलोच."

बाई जे बोलल्या, जे बोलल्या! आठ वर्षं बोलल्या. ऐंशीच्या निवडणुकीत भाऊ पडले, तेव्हा तर विचारूच नका. अन् भाऊ हूं नाही का चूं नाही. माझा बिल्ला आजबी छातीवर आहे तो असा.

तर मागच्या सोमवारी, मंडपात, माझ्यानं राहवलं नाही. प्रयागबाईच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाई, ती चिठ्ठी मी दिलीच नव्हती."

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. त्याहिले कुठं खोटं बोलता येते, श्रीधरभाऊ? कान लाल झाले होते."

"मंग आठ वर्षं त्याहिले काहून बोलत राह्यल्या?"

"एवढ्या जीवावर येऊन एक खोटं बोलले बिचारे. ते उघडं पाडू का मी?"

तेवढ्यात माईकवरून आवाज, "वेळ कमी आहे, तरी माजी आमदार रुपरावजी गोतमारे यांनी पाच मिनिटं..." मी तर उभाच राह्यलो हो! पाच मिनिटं! वळून पाह्यतो तर खांबामागची खुर्ची रिकामी. मंडपाच्या दोरीपलीकडे गावच्या म्हाताऱ्या उभ्या, पोलीस शिपाई त्याहिले आत येऊ देत नाही, अन् भाऊ त्या शिपायाशी भांडून राहिले, "अरे, हे माझे लोकं आहेत!" माईकवाला थांबला, घड्याळ पाह्यलं, अन् आभारप्रदर्शन सुरू.

राष्ट्रगीत झालं. लोकं उठले. मंग आले भाऊ, घाम पुसत, दोन म्हाताऱ्यांचे हात धरून. म्हणाले, "श्रीधर, माझं नाव घेतलं का गा कोणी?"

बाईनं माझ्याकडे पाह्यलं. मी भाऊकडे. म्हटलं, "नाही भाऊ. यादीतच नव्हतं."

"हे पाह्य," म्हणाले, "मंग उठलो ते बरंच झालं!"