मला उत्तर आलं, की प्रश्न बाद

आदरणीय अध्यक्षमहोदय, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी (वडीलधारी म्हणते खरी, पण माझ्याहून वडील इथं कोणी दिसत नाही), शिक्षकवर्ग आणि माझ्या लेकरांनो,

आज ज्यांना निवृत्तीचा निरोप देताय, त्या भाषेच्या बाई माझ्या सूनबाई. नात म्हणाली, "आजी, दोन शब्द बोल." आता दोनावर थांबले तर मी आजी कसली? पण बसून बसून कंबरेचा काटा ढिला झालाय, तेव्हा थोडक्यात आवरते.

मी शाळेत गेले ती अक्षरओळख होईपर्यंत. तरी या शाळेच्या भाषेच्या प्रश्नपत्रिकांत माझा हात आहे. हसू नका! सूनबाई प्रश्न काढायची आणि मी शेंगा सोलत बसले की मला विचारायची. एकदा म्हणाली, "आई, खड्ड्यात पडलेलं पिल्लू मुलीनं घरी का आणलं? दया आली, राग आला, की भूक लागली?"

म्हटलं, "दया आली. भूक लागली म्हणून कोणी पिल्लू आणतं का, बये?"

"धडा माहीत होता तुम्हाला?"

"मला कुठला धडा नि कुठलं काय!"

झालं. मारली की तिनं प्रश्नावर काट! म्हणाली, "धडा न वाचता उत्तर येतं, मग पोरानं वाचलं की नाही हे मला कळणार कसं?" मग दुसरा प्रश्न: "ती मुलगी आईशी खोटं का बोलली?" मी म्हटलं, "खोटं बोलली? थांब, आधी वाचून दाखव." ती खुदकन हसली. तो प्रश्न राहिला आणि मला गोष्ट ऐकायला मिळाली. अशा कितीतरी गोष्टी फुकटात ऐकल्या मी. मला उत्तर आलं, की प्रश्न बाद. माझ्या अडाणीपणाचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या घरानं ठेवला असता?

पण लेकरांनो, या कामानं माणूस झिजतं हो. तयार छापील पेपर मिळत होते, सोपे होते. हिला ते पटायचे नाहीत. "बोलता येतं की नाही हे बोलायला लावूनच कळतं," म्हणायची आणि एकेका पोराला जवळ बसवून बोलतं करायची. घरी यायची ती घसा बसवून. जेवताना मीठ हवं असलं तरी बोट दाखवायची. निबंधांचे गठ्ठे उशाशी. चष्मा नाकावर ठेवूनच डोळा लागायचा. मी तो काढून ठेवायचे.

म्हणून आज मी सकाळपासून खुशीत होते. आता ही घरी येणार! आणि मघाशी सर म्हणाले, "बाई जातात कुठे? सगळ्या वर्गांचे पेपर घरून काढून देतील. देणार ना, बाई?" तुम्ही टाळ्या वाजवल्या. ती हसली. ते हसू मी ओळखते, दमलेल्या माणसाचं आहे ते.

सर, रागावू नका. पण तुमचा हा प्रश्न पिल्लाच्या प्रश्नासारखाच झाला. भरल्या सभेत "देणार ना" विचारल्यावर "नाही" कोण म्हणेल? त्याचं उत्तर मलासुद्धा येतं. म्हणजे बाद.

मी विचारू? सूनबाई, इकडे बघ. उद्या सकाळी तुला काय करावंसं वाटतं?

आम्हा दोघींचं फिरायला जायचं ठरलंय, तेच म्हणेल बहुतेक...

काय? मोठ्यानं बोल गं, मागं ऐकू गेलं नाही.

"आई, मला झोपायचंय."

ऐकलंत, सर? हे उत्तर मला येत नव्हतं.

असू दे, बाळा. फिरणं कुठं पळून चाललंय?

तुम्ही हिला माया दिलीत, मला बोलू दिलंत, सगळ्यांचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक झालं असेल, तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला. आणि टाळ्या राहू द्या. कोणीतरी आमच्यासाठी गाडी बोलवा.