विषय तूच ठरव!

...आणि वर हसतात हो! रागावले असते तर मी समजू शकले असते. पण तुम्हाला सांगते, हे आमचे गाईड, पन्नाशीचे, अर्धे केस संशोधनात गेलेले, पहिल्याच दिवशी मला काय म्हणतात? "सर नको, नावाने हाक मार!" नावाने? अहो, मी शेजाऱ्याच्या ड्रायव्हरलासुद्धा 'काका' म्हणते! इतक्या लांब परदेशात शिकायला आले ती काय मोठ्या माणसांना नावाने हाका मारायला? मग मी काय करायची... खोकायची. नुसतं खोकून बोलवायची! शेवटी त्यांनी मला घशाच्या गोळ्या आणून दिल्या. स्वतःहून! मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी काळंबेरं आहे.

मग कॉफी. तीही स्वतः केली, साखर किती ते विचारून! गाईड कधी विद्यार्थिनीला कॉफी करून देतो का? आमच्या कॉलेजात तर सरांचा कप विसळायला मिळाला तरी आम्ही धन्य व्हायचो. इथे मी तो कप धरून बसले, आधी त्यांनी घोट घेतला, मग मी घेतला. उगाच विषाची परीक्षा नको!

आणि मग म्हणाले, "संशोधनाचा विषय तूच ठरव. तुला हवा तो! फक्त महिनाअखेरपर्यंत ठरव हं, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." तुला हवं ते? आमच्या घरी 'तुला हवं ते कर' असं फक्त आई म्हणते, तेही पाठ फिरवून, भांडी आपटत! ते ऐकून आजवर कुणाची हवं ते करायची छाती झालीय का?

मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तो." ते म्हणाले, "छे छे, तुला आवडेल तो." "तुम्हाला आवडेल तोच मला आवडेल..." दारातून आधी कोण जाणार यावर दोन व्याही अडून बसावेत, तसं चाललं होतं आमचं!

शेवटी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अगं वेडे, त्यांनाच काही सुचत नसणार! तुझा विषय ढापतील आणि स्वतःच्या नावावर खपवतील!"

झालं! कॉफी काय, गोळ्या काय, हसणं काय, सगळं जुळलं ना! काळंबेरं होतंच! मग मीही काही कमी नाही. बसथांब्यावर म्हाताऱ्यांना बसायला जागा का नसते, हा माझा खरा विषय, जिवापाड आवडता, तो पोटात ठेवला, आणि शेवटच्या दिवशी त्यांच्यापुढे एक टुकार विषय टाकला... दारावर 'ढकला' लिहिलेलं असताना लोक ते का ओढतात? घ्या, ढापा!

सरांनी वाचलं. हसले. "तुला हाच हवाय ना? मग हाच!" आणि माझ्यादेखत पुढे पाठवून मंजूरही करून टाकला. माझ्या नावाने! ढापला नाही हो... ढापलाच नाही!

आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की सर, तुम्ही मला चोर वाटलात म्हणून चांगला विषय लपवून ठेवला? रडूच आलं मला. तर म्हणतात कसे, "आनंद झाला ना?"

तेव्हापासून मी लायब्ररीच्या दारापाशी उभी असते. लोक येतात, ओढतात, मी लिहून घेते. आणि तुम्हाला सांगते, बोटं मोडायची म्हटली तरी कुणाच्या नावाने मोडू? विषय मीच ठरवलाय ना!