नकाशातला धुरा हालला

अबे, आमच्या दुसरबीड गावचं आयका! मामाच्या ऑनलाइन सेंटरातल्या कम्प्युटरवर म्या विंडोज काढून लिनक्स टाकलं, ग्राफिक्स ड्रायव्हर बसवला अन् असे इफेक्ट लावले का पडद्यावरची विंडो ओढली तं जेलीवानी हालते. मामा म्हणे, "एक जरी गिऱ्हाईक बिचकलं, तं हे सारं काढजो."

म्या म्हणलं, "बिनधास्त राहा, मामा!"

तेवढ्यात एक आजोबा वावराचा नकाशा काढाले आले. म्या नकाशा उघडला अन् त्यायले दाखवाले विंडो सरकवली, तं बांधाच्या रेघांसकट अख्खा नकाशा डुलला. आजोबा वरडले, "काऊन बे, माह्या वावराचा धुरा हालवून राह्यला?"

मामानं डोळे वटारले.

आजोबा पडद्याजवळ सरकले अन् हळूच म्हणाले, "हालतेच तं शेजाऱ्याच्या वावरात दोन हात सरकव, मंग प्रिंट काढ."