आण्णांचे तितर

तुम्हाला आमच्या आण्णांच्या तितरांचं सांगायचं राहिलंच. आण्णा म्हणजे माझे वडील. पूर्वी आमच्या पारनेरकडच्या माळावर तितरांची शिकार चालायची. शिकारीच्या आधी पहाटे जाऊन, नुसत्या आवाजावरून, यंदा किती तितर आहेत याचा अंदाज आण्णाच सांगायचे. शिकार कधीच बंद झाली, पण होळीच्या सुमारास माळावर जाऊन तितर ऐकायची त्यांची सवय काही सुटली नाही.

यंदा मीही सोबत गेलो. चहूकडून तितर ओरडत होते आणि आण्णा बांधावर बसून म्हणाले, "संपलं रं सगळं. एक बी न्हाई राहिला."

त्यांचे डोळे भरून आले होते. कानाचं मशीन ते लावत नसत, म्हातारपण दिसतं म्हणायचे. आईने ते माझ्याकडे दिलं होतं. मी ते त्यांच्या कानात बसवलं. आण्णांनी मान वळवून घळीकडे कान दिला. मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "लई हायेत की रं. त्या घळीत बी हायेत."

घरी आई भाकरी थापत होती. आण्णा तिच्याजवळ पाट ओढून बसले.

"काय पायजे?" आईने विचारलं.

"काय न्हाई. तू बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल, पन हळू बोल. तुझा हळू आवाज लई दिसांत ऐकला न्हाई."

आमच्या आईची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.