अंगातली वीज आणि एकतीस हजार पुस्तकं

...आणि हे सगळं कोणामुळे, तर आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांमुळे! नाही, तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या घाबरट मुलीला असं काही शिकवतात का? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि हे पहिल्याच तासाला चष्मा वर सरकवत म्हणतात, "लक्षात ठेवा, प्रत्येकाच्या अंगात वीज साठते. चाललात, साठली. लोकरीचा स्वेटर घातलात, दुप्पट साठली. त्याच हाताने मेमरीच्या पट्टीला बोट लावलंत की पट्टी मेली! आवाज नाही, धूर नाही!"

झालं! तेव्हापासून मी स्वतःच्याच हातांकडे संशयाने बघते.

तशी मी हुशार हो, बहात्तर मार्क आहेत मला त्या विषयात! पण सगळे कागदावरचे. कॉम्प्युटरच्या आतल्या मदरबोर्डची आकृती काढा, नावं द्या, फूटपट्टीने रेघा मारा. खरा मदरबोर्ड काचेच्या कपाटात, आणि किल्ली सरांच्या खिशात. का? तर आमच्या अंगातली वीज!

एवढ्या भांडवलावर मला एका वाचनालयात नोकरी लागली. महिनाभर बघू, मग कायम करू. आणि तुम्हाला सांगते, बरोब्बर महिन्याच्या शेवटच्या दिवशी, बाहेर कडाक्याची थंडी, मी नखशिखांत लोकरीत, आणि ग्रंथपाल बाईंनी माझ्यापुढे एक चपटं खोकं ठेवलं. "ही नवी मेमरी. आपला कॉम्प्युटर फार रेंगाळतो. तू शिकलेली आहेस ना? बसव. तो सुरू झाला की तुझ्या नेमणुकीच्या पत्रावर सही."

बसव म्हणे! अहो, त्या एकाच कॉम्प्युटरमध्ये एकतीस हजार पुस्तकांची यादी होती. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कोणी नेलंय, कधीपासून दाबून बसलाय, सगळं! बाईंनी नऊ वर्षं दोन बोटांनी टाइप केलेली. जुनी कार्डं केव्हाच रद्दीत गेलेली. मी चाचरत विचारलं, "बाई, यादीची दुसरी प्रत...?"

"प्रत कशाला? कॉम्प्युटर एकच आहे ना आपल्याकडे!"

घ्या! मग त्यांनाच शंका आली. "काय गं, मेमरी काढली की तो पुस्तकं विसरणार तर नाही?"

"नाही हो बाई," मी म्हटलं. (हे सगळं पाठ होतं ना!) "यादी असते डिस्कवर. डिस्क म्हणजे आपली कपाटं. मेमरी म्हणजे टेबल, काम चालू असेपर्यंत कपाटातलं तिथे मांडायचं. वीज गेली की टेबल रिकामं, कपाट जसंच्या तसं. आणि कपाटातलं काढून टेबलावर आणून देणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तुम्हीच!"

"म्हणजे आज मलाच बदलतेस का?"

नाही हो, नुसतं टेबल! पण बोलणं सोपं... मी कॉम्प्युटर नीट बंद केला, वायर काढली, झाकण उघडलं, आणि आत काय? आकृतीतलं काहीच नाही! म्हणजे होतं, पण नावं कुठे लिहिलेली होती? शेवटी पट्टी सापडली. आता अंगातली वीज उतरवायची, म्हणून सर म्हणायचे तसं उघड्या लोखंडाला हात लावायचा. मी लावला. पण समजा परत साठली तर? म्हणून मी डाव्या हाताने कॉम्प्युटरचा लोखंडी सांगाडा जो घट्ट धरला तो सोडलाच नाही, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी, फुलपाखरू धरावं तशी, जुनी पट्टी काढून नवी ठेवली. हो, ठेवलीच. दाबायची हिंमत कोणाची?

तेवढ्यात रोज पेपर वाचायला येणारे काका मागून खेकसले, "धूर येतोय का?"

"नाही काका."

"मग ठीक आहे!"

कसलं ठीक? आवाज नाही, धूर नाही, हीच तर मरणाची खूण! मी झाकण तसंच बाजूला ठेवून वायर लावली, डोळे मिटले, बटण दाबलं...

बीऽऽप! बीऽऽप! बीऽऽप!

पडदा काळा. बाईंचा चेहरा पांढरा. आणि माझी बुद्धी कुठे धावावी? सर म्हणाले होते आवाज नाही, इथे तर आवाज आहे, म्हणजे मी मारली नाही? की मरतेय म्हणून ओरडतेय? बाई पुटपुटल्या, "नऊ वर्षं गं माझी..." आणि मला रडूच फुटलं. नोकरी गेली तर गेली, पण बाईंची ती दोन बोटं!

आमच्या सफाईच्या मावशी बादली ठेवून आल्या. "काय झालं? सरक बघू." त्यांनी सर्रकन वायर ओढली, आत डोकावल्या. "अगं, बसवलीस की गोंजारलीस? दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघड्या आहेत!"

"मावशी, हात नका लावू! अंगातली वीज..."

दोन अंगठे. टक्, टक्. खिट्ट्या बंद. वायर लावली, बटण दाबलं, एकच छोटं बीप, आणि पडदा उजळला! एकतीस हजारच्या एकतीस हजार, एकही इकडचं तिकडे नाही!

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे काय? नऊ वर्षं दर शनिवारी झाकण काढून पुसते की!"

"नऊ वर्षं? कशाने?"

"माझ्या जुन्या स्वेटरच्या तुकड्याने. लोकर धूळ छान धरते."

लोकर! नऊ वर्षं! मी स्वतःच्याच हातांकडे बघितलं. मग आधी यादीची प्रत काढली, तीही सांगाडा धरूनच.

बाईंनी पत्रावर सही केली हं, शब्दाच्या पक्क्या. मी कायम झाले! फक्त कामं जरा बदलली. कॉम्प्युटर आता मावशी बघतात आणि पुस्तकं पुसायचं काम माझ्याकडे. एकतीस हजार! मावशींनी त्यांच्या स्वेटरचा अर्धा तुकडाही दिलाय. आजपर्यंत सातशे झाली... आवाज नाही, धूर नाही, नुसती धूळ!